स्वस्तातला समुद्र

गोदावरी त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. कुठलीही व्यवहारी नदी सह्याद्रीवरून उडी मारून संध्याकाळपर्यंत समुद्राला मिळाली असती. पण आमची गोदामाई समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, नाशिक, पैठण, नांदेड करत १,४६५ किलोमीटर चालते आणि पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. नदीने जो समुद्र टाळला, तोच गाठायला नाशिककर मात्र जोडून सुट्टी आली रे आली की कसारा घाट उतरतो. पंचांगात रविवारला लागून एखादी जयंती आली, की कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "चला ना भो, कोकणात."

पूर्वी यात फारसा विचार नव्हता. कोकणात जायचं म्हणजे ओळखीतून खोली घ्यायची, मासे खायचे, खारट अंगाने परत यायचं. हल्ली खोली म्हटलं की लोक आपल्याला म्हातारं समजतात. हल्ली तंबू लागतो. आमच्या कंपूत हा तंबू आला तो एकाच्या भाच्यामुळे. भाचा ब्रिस्बेनला शिकतो आणि फोटो पाठवतो. सिडनीपासून केर्न्सपर्यंतचा सगळा किनारा पाठीवर पिशवी टाकून पोरं-पोरी कशी हिंडतात, नूडल्सवर कशी राहतात, समुद्राकाठच्या बागेत सरकारी विजेच्या शेगड्या फुकट कशा असतात, हे तो मामाला सांगतो आणि मामा आम्हाला. क्गारी नावाचं वाळूचं बेट आहे, जगातलं सगळ्यात मोठं. त्याला मधली बरीच वर्षं फ्रेझर आयलंड म्हणत. २०२३ साली जुनं नाव परत मिळालं. तिथला पंच्याहत्तर मैलांचा किनारा हाच अधिकृत रस्ता आहे. त्यावर वेगमर्यादा आहे, आणि छोटी विमानंसुद्धा उतरतात. हे ऐकून मामा इतका भारावला की आपणही गाडी थेट वाळूवर घेऊ म्हणाला. त्याला २०२४ च्या डिसेंबरअखेरीची बातमी दाखवावी लागली: रेवदंड्याच्या पुळणीत रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीला बांधून बाहेर काढली. मामाची गाडी फेरारी नाही, आणि आता बैलही फुकट येत नाहीत.

त्या ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडलेला भाग द्राक्षांचा. २०२४ पासून तिकडच्या सरकारने भारतातल्या अठरा ते तीस वयाच्या मुलांसाठी दरवर्षी १,००० हिंडायचे-कमवायचे व्हिसा सोडतीने द्यायला सुरुवात केली. या व्हिसावर वर्षभर फिरा, मध्येमध्ये काम करा. दुसरं वर्ष हवं असेल तर ठरावीक भागात तीन महिने ठरावीक कामं करून दाखवा. त्या कामांत फळं तोडणंही आहे. म्हणजे निफाड-दिंडोरीचा जो मुलगा बापाच्या बागेत छाटणीच्या दिवसांत 'मला अभ्यास आहे' म्हणून सटकला, तो लाखभराचं तिकीट काढून मिल्ड्युराला जाणार आणि तिथल्या उन्हात द्राक्षांचे घड कात्रीने कापणार. इकडे बाप म्हणणार, पोरगं परदेशात आहे. तिकडे पोरगं म्हणणार, मी बॅकपॅकर आहे.

खरं तर पाठीवर बोचकं टाकून स्वस्तात हिंडण्याबद्दल नाशिकने कोणाकडून धडे घ्यावेत असं काही नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती पायी पंढरपूरला पोचते. मुक्काम, जेवण, सोबत, रस्ता, सगळं ठरलेलं आणि सगळं लोकांच्या आधाराने. तंबूंचं म्हणाल तर दर बारा वर्षांनी सिंहस्थात तपोवनाच्या बाजूला साधुग्राम उभं राहतं. त्यापुढे ऑस्ट्रेलियातला कुठलाही कॅम्पसाइट म्हणजे अंगणातला मांडव. आणि अस्सल मराठी बॅकपॅकर पाहायचा तर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालं म्हणून दक्षिणा मिळवायला ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, आणि सरळ बंडात सापडले. झाशी पाहिली, वाटेत लुटले गेले, पुन्हा लुटले गेले, आणि परत येताना आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक १९०७ साली छापून निघालं. बजेट संपल्यावरही प्रवास चालूच ठेवायचा असतो, हे त्या गृहस्थांनी सिद्ध करून ठेवलं आहे. त्यांच्याकडे स्लीपिंग बॅग नव्हती, एवढीच काय ती उणीव.

आमच्याकडे ती आहे. किंबहुना आमच्याकडे सगळंच आहे, आणि तिथेच स्वस्त प्रवासाचं गणित पहिल्यांदा बिघडतं. हॉटेलची खोली महाग म्हणून तंबू घ्यायचा. तंबू घेतला की खाली चटई लागते. चटई आली की कपाळाला बांधायचा दिवा लागतो. मग गॅसची छोटी शेगडी, तिला बसणारी छोटी पातेली, घडीची खुर्ची, पाणी न शिरणारी पिशवी, आणि त्या पिशवीतही पाणी शिरलंच तर फोनसाठी वेगळी पिशवी. दुकानातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एकदाच घ्यायचंय, आयुष्यभर वापरायचंय." या आयुष्यभराच्या सामानात नंतर घरातल्या सतरंज्या, उशा आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवला जातो.

अशा सहलीला जो कंपू निघतो त्यात काही पदं कायमची असतात. पहिलं पद खजिनदाराचं. हा माणूस व्यवसायाने काहीही असो, स्वभावाने सहकारी पतसंस्था असतो. सगळ्यांकडून आगाऊ वर्गणी घेतो, फोनवर हिशेबाचं ॲप उघडतो आणि चहाच्या टपरीवर "कोणी कोणी बिस्किट घेतलं?" असं विचारून चहाची चव घालवतो. दुसरा गाडीवाला. गाडी त्याची, म्हणून गाणी त्याची, एसी त्याच्या मर्जीचा. डिझेल मात्र सगळ्यांचं. तिसऱ्याने सगळं यूट्यूबवर पाहिलेलं असतं. दगडाने बाटली कशी उघडायची हे त्याला ठाऊक असतं, फक्त समोर दगड नसतो. चौथा "घरी विचारून सांगतो" म्हणतो, निघायच्या आदल्या रात्री होकार कळवतो आणि सगळ्यात मोठी बॅग घेऊन येतो. पाचवा काहीच करत नाही. पण तो नसला तर मजा येत नाही, म्हणून त्याला न्यावंच लागतं. मी यातलं कुठलं पद भूषवतो ते सांगायची गरज नाही. लेख लिहिणारा माणूस लाकडं गोळा करताना दिसत नाही, एवढं पुरे.

रस्त्याचा वाद नाशिक सोडायच्या आतच सुरू होतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून कसाऱ्याची वळणं टाळून जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाटाच्या पोटातूनच खाली उतरता येतं. गाडीवाल्याला बोगदा हवा, खजिनदाराला टोल नको. शेवटी जुन्या घाटाने जायचं ठरतं, वाचलेल्या टोलच्या आनंदात वाटेत दोन जागी नाश्ता होतो आणि तो टोलपेक्षा महाग पडतो. पनवेल ओलांडलं की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्याविषयी बोलायचं नाही असा आमच्यात ठराव आहे, कारण त्यावर बोलताना रस्ता कधी संपतो कळत नाही, आणि न बोलतानाही तो संपत नाही.

खरी मजा खाड्यांपासून. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा दिलेला असायचा, पण तो सलग नाही. दर थोड्या अंतरावर एखादी नदी त्यात पाय घालून बसलेली. म्हणून फेरीबोट. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा खाड्या पार करत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत राहायचं. बोटीत गाड्या, दुचाक्या, कोळणींच्या पाट्या, एखादा नवरदेव आणि त्याचं वऱ्हाड, सगळे एकाच लोखंडी फळीवर. पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ, गाडीचं मात्र झोंबणारं. बागमांडल्याला आमचा खजिनदार सावित्रीच्या पात्राकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "गाडी इथेच लावून चालत गेलो तर?" समोर रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि आमचा मुक्काम दापोली तालुक्यात होता, हे त्याला हळूच सांगितलं. सगळ्या प्रवासात त्याचा चेहरा हिशेबाशिवाय दिसला तो फक्त बोट मधोमध असताना. तिथे खर्च करायला काही नव्हतं.

मुक्कामाला पोचल्यावर डोंगरावर घडलेला नाशिककर आणि वाळू यांची गाठ पडते. आम्ही हरिहर, अंजनेरी, साल्हेर करणारी माणसं. तंबूची खुंटी दगडाने ठोकायची एवढंच आम्हाला माहीत. वाळूत खुंटी ठोकावी लागत नाही, बोटाने जाते. तशीच बोटाने, किंवा नुसती फुंकर मारली तरी, बाहेरही येते. यावरचा उपाय यूट्यूबवाल्याने सांगितला आणि तो चक्क खरा निघाला: रिकाम्या पिशवीत वाळू भरायची, ती हातभर खड्ड्यात आडवी पुरायची आणि तंबूची दोरी तिला बांधायची. मग तंबू हलत नाही. हलते ती वाळू, आणि ती जाते चेनमध्ये. वाळू शिरलेली चेन अर्ध्यावर अडकते. ना पुढे, ना मागे. त्या अर्ध्या दारातून आत शिरणारा पोट सुटलेला मित्र हे कोकणातलं एक अविस्मरणीय निसर्गदृश्य आहे.

तंबूचं तोंड समुद्राकडे ठेवावं हा आग्रह सगळ्यांचाच असतो, कारण फोटोत तसंच असतं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी घोकलेले, परीक्षेत दोन गुणही घेतलेले. पण त्याचा तंबूशी संबंध असेल असं गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलेल्या तंबूत तो बारीक वाळूसकट येतो आणि पोह्यांच्या डब्यात बसतो. मग शहाणी माणसं चूल तंबूच्या मागे, जमिनीच्या बाजूला मांडतात, म्हणजे धूर नारळीच्या बागेकडे जावा. रात्र चढली की जमीन समुद्राआधी थंड होते, वारा फिरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तोवर सगळे झोपलेले, चूल धुमसत राहिलेली, आणि मतलई वारे सगळा धूर तंबूत आणून सोडतात. दोन गुणांचा तो प्रश्न मध्यरात्री खोकत खोकत पुन्हा सोडवावा लागतो.

पण याहून मोठा विषय चंद्राचा. सहलीची तारीख ठरवताना आमच्यातल्या कवीमनाच्या लोकांनी पौर्णिमा निवडली होती. समुद्र, चांदणं, तंबू. भरती-ओहोटीचं गणित मात्र कोकणातला शेंबडा पोरही बोटांवर करतो: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीचा ढोबळ तास मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पाणी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरणार आणि मध्यरात्री ओहोटी असणार. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, चढाव बेताचा. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन झोपेच्या वेळी भरती, आणि तीही उधाणाची, महिन्यातली सगळ्यात उंच. तात्पर्य, चांदण्यासाठी जी रात्र काव्याने निवडली, तीच पाण्याने तंबूसाठी निवडलेली असते. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून घराघरांतल्या भिंतीवर तिथ्या टांगून ठेवल्या, पण आम्ही त्यात फक्त दूधवाल्याचे खाडे लिहितो.

तंबू लावून, खुर्च्या मांडून, चिवड्याचं पाकीट फोडून बसलो होतो, तेवढ्यात सुरूच्या बनातून हातात बॅटरी घेतलेले एक काका आले. त्यांनी तंबूंकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"कुठून आलात?"

"नाशिकहून."

"बरं. रात्री पोहायला येतं का सगळ्यांना?"

मग त्यांनी बॅटरीचा झोत वाळूवर टाकला. आमच्या तंबूंच्या मागे, चांगली दहा-बारा पावलं वर, एक वेडीवाकडी रेघ गेली होती. सुकलेलं शेवाळ, सुरूची काटेरी फळं, थर्माकोलचे तुकडे, जाळ्याचा निळा दोरा आणि डाव्या पायाची एक चप्पल. "काल पाणी इथवर आलं होतं," काका म्हणाले. "आज चार बोटं जास्तच येईल." मग कोणीच काही बोललं नाही. फक्त आयुष्यभर वापरायचं सामान उचलून पळणाऱ्या माणसांच्या सपाता फटफटत राहिल्या.

"आमच्या खळ्यात लावा तंबू," काका म्हणाले. "नाहीतर पडवी रिकामीच आहे. तंबूत कशाला झोपता? घर नाही का तुम्हाला?" हा प्रश्न त्यांनी चेष्टेने विचारला नव्हता. ऑस्ट्रेलियात तुम्ही उघड्यावर झोपलात तर लोक तुम्हाला साहसी म्हणतात. कोकणात तुम्ही उघड्यावर झोपलात तर यजमानाला अपराध्यासारखं वाटतं. तिकडे तंबूच्या जागेला नंबर असतो, आगाऊ नोंदणी असते. इकडे आडनाव विचारतात, मग गाव, मग "नाशिकला आमचा मेव्हणा सातपूरला कंपनीत होता", आणि तोवर आतून कोकम सरबताचे पेले येतात. ही नोंदणीच, फक्त पावती मिळत नाही.

खळ्यात तंबू लावले. डिसेंबरची थंडी म्हणून आम्ही निफाडच्या पाऱ्याला पुरतील अशा स्लीपिंग बॅगा आणल्या होत्या. किनाऱ्यावर त्यांत शिरणं म्हणजे उकडीच्या मोदकाचा अनुभव स्वतः घेणं. तासाभरात सगळे बाहेर येऊन खळ्यातल्या सारवणावर नुसत्या चादरीवर पडले. क्गारीला डिंगो नावाचे रानकुत्रे असतात. त्यांना खायला घातलं तर दंड होतो, म्हणून अन्न कुलुपात ठेवायचं असं भाच्याने मामाला बजावलं होतं. वाडीतल्या कुत्र्यांना हा नियम माहीत नसावा. त्यांनी चिवडा संपवला, डबा चाटून स्वच्छ केला आणि मग कर्तव्यबुद्धीने रात्रभर आमच्यावर पहारा दिला.

सकाळ उजाडल्यावर किनाऱ्यावरच्या मुक्कामाचा खरा प्रश्न उभा राहतो. सगळं स्वस्त-महागाचं तत्त्वज्ञान सकाळी सहा ते सात या तासात निकालात निघतं. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक गर्दीच्या किनाऱ्यांवर सार्वजनिक संडास आणि अंघोळीचे फवारे फुकट असतात. त्या पोरांचा सगळा बाणेदारपणा त्या नळावर उभा आहे. आमच्याकडे ती सोय काकूंच्या मागच्या अंगणात होती. एकदा का माणूस यजमानाच्या संडासाबाहेर टमरेल घेऊन रांगेत उभा राहिला, की तो बॅकपॅकर राहत नाही, पाहुणा होतो. पाहुण्याला नाश्ता नाकारता येत नाही. घावन, नारळाची चटणी, वर गुळाचा रस. मग दुपारचं जेवणही सांगितलं जातं, कारण हर्णैच्या लिलावात मासळी पाटीच्या हिशेबाने जाते आणि पाच नाशिककरांना अख्ख्या पाटीचं करायचं काय कळत नाही. ते काकूंना कळतं.

एक गोष्ट मात्र त्या काकांनी हसता हसता, पण ठासून सांगितली. चूल पेटवलीत ती विझवून राख उचला, बाटल्या न्या, आणि फेब्रुवारीनंतर आलात तर किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावू नका. पलीकडे वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली आहेत. अंड्यातून निघालेलं पिल्लू रात्री जिकडे उजेड तिकडे धावतं. त्याला समुद्र उजळ दिसायला हवा, आमच्या कपाळावरचे दिवे नव्हेत. ती पिल्लं कुठलंही ॲप न उघडता, कोणाची वर्गणी न घेता, पाठीवर घर घेऊन निघतात. स्वस्त प्रवास म्हणतात तो हा.

निघताना खजिनदाराने काकूंना पैसे विचारले. त्यांनी सांगितलेला आकडा इतका कमी होता की तो गोंधळला. कमी पैसे द्यायची त्याला सवय आहे, कमी पैसे मागणाऱ्याची नाही. त्याने आयुष्यात पहिल्यांदा वर काही रक्कम ठेवली आणि ॲपमध्ये ती कुठल्या खात्याखाली टाकायची यावर गाडीत महाडपर्यंत विचार केला.

स्वस्तात हिंडण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. वाचलेला पैसा कुठून तरी येतो. थोडा आपल्या झोपेतून येतो, थोडा पाठीच्या मणक्यातून, बराचसा मित्रांच्या सहनशक्तीतून आणि उरलेला एखाद्या काकूंच्या भिडस्तपणातून. आपण मात्र तो 'आम्ही वाचवला' म्हणून सांगतो. महागड्या हॉटेलात प्रत्येकाला वेगळी खोली मिळते, म्हणून कोणी कोणाला ओळखू लागत नाही. शाळेपासूनचा मित्र घोरताना शिट्टी वाजवतो, ही माहिती दोघांच्या तंबूत तीन जण झोपल्याशिवाय मिळत नाही, आणि एकदा मिळाली की परत करता येत नाही.

घरी आल्यावर हिशेब लागला. प्रत्येकाचा दुसऱ्याकडे थोडा थोडा पैसा निघत होता. कवीमनाचा म्हणे गाडीवाल्याला देणं लागतो, गाडीवाला मामाला, मामा खजिनदाराला. खजिनदाराला मी म्हटलं, एका बैठकीत मिटवून टाक सगळं. तो म्हणाला, "वेडा आहेस का? मिटवलं तर फोन कशाला करतील लोक?" त्यामुळे आमच्यातलं कोणीही कोणाचे पैसे देत नाही. पुढची तारीख ठरली आहे. अष्टमी आहे.